भेडाघाटचे पाषाणशिल्प : हात, आठवण आणि बाजारपेठ

मध्य प्रदेशातील जबलपूर शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटर अंतरावर नर्मदा संगमरवराच्या उभ्या कड्यांमधून वाट काढते. भेडाघाट हे या स्थळाचे नाव. धुवांधार धबधबा, चौसष्ट योगिनींचे मंदिर आणि कड्यांमधील नौकाविहार यांसाठी येथे देशभरातून पर्यटक येतात. परतताना त्यांच्या पिशवीत बहुधा एखादी दगडी वस्तू असते : शिवलिंग, गणपती, हत्ती, कासव, दिवा, दागिन्यांची डबी किंवा नाव कोरलेला संगमरवराचा तुकडा. विदर्भातील आणि मध्य भारतातील कितीतरी मराठी घरांत काचेच्या कपाटातील अशी एखादी वस्तू दोन पिढ्या जागा अडवून बसलेली असते. रोजच्या व्यवहारात तिचा उपयोग नसतो. तरीही घर बदलताना ती टाकून दिली जात नाही.

हस्तव्यवसायांच्या अर्थकारणाचा अभ्यास या निरुपयोगी, पण न टाकल्या जाणाऱ्या वस्तूपासून सुरू करणे उचित ठरेल. तिच्यासाठी ग्राहकाने मोजलेले पैसे दगडाचे नसतात, उपयोगाचे तर नसतातच. ते एका स्थळाच्या आठवणीचे आणि एका माणसाच्या हातकामाचे असतात. २०२३ मध्ये भेडाघाटच्या पाषाणशिल्पाला भौगोलिक मानांकन मिळाले. या मानांकनाने स्थळाच्या नावाला कायद्याचे कवच दिले. हातकामाला मात्र असे कवच आपोआप मिळत नाही आणि भेडाघाटच्या कारागिराचा खरा प्रश्न तोच आहे.

कडे, नदी आणि प्रवासी

भेडाघाटचे कडे डोलोमाइटयुक्त संगमरवराचे आहेत. भूशास्त्रात महाकोशल समूह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अतिप्राचीन खडकांमध्ये त्यांची गणना होते. जवळच्याच लमेटा घाटावरून नाव पडलेला लमेटा खडकसमूह वयाने पुष्कळ तरुण असून डायनासोरच्या जीवाश्मांसाठी जगप्रसिद्ध आहे. १८२८ साली कर्नल स्लीमन यांना जबलपूर परिसरात सापडलेली हाडे ही भारतातील डायनासोर संशोधनाची सुरुवात मानली जाते. २०२१ मध्ये 'नर्मदा खोऱ्यातील भेडाघाट-लमेटाघाट' या नावाने हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाला.

इतिहासाच्या दृष्टीने हा कलचुरी राजवटीचा प्रदेश होय. त्यांची राजधानी त्रिपुरी म्हणजे आजचे तेवर हे गाव भेडाघाटच्या वाटेवरच लागते. काँग्रेसचे १९३९ चे गाजलेले अधिवेशन याच त्रिपुरीच्या नावाने ओळखले जाते. दहाव्या शतकातील चौसष्ट योगिनी मंदिराच्या वर्तुळाकार आवाराला ८१ देवकोष्ठे आहेत. नावात चौसष्ट असून प्रत्यक्षात एक्याऐंशी, ही बाब परीक्षार्थींनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

भेडाघाटची आजची कारागिरी कलचुरी काळापासून अखंड चालत आलेली आहे, असे पर्यटकांना सहज सांगितले जाते. हे विधान जपून घ्यावे लागते. योगिनींच्या मूर्ती प्रामुख्याने वालुकाश्मातील आहेत. त्या राजाश्रयाने आणि उपासनेसाठी घडल्या. आजच्या वस्तू मऊ दगडातील व संगमरवरातील असून त्या प्रवाशांच्या खरेदीवर अवलंबून आहेत. दगड वेगळा, आश्रयदाता वेगळा आणि हेतूही वेगळा. दोन्हींना एका सूत्रात ओवणे जाहिरातीला सोयीचे असले, तरी त्यामुळे आजच्या कारागिराचे स्वतंत्र कर्तृत्व झाकले जाते.

या बाजाराचा पाया रेल्वेने घातला, असे म्हणणे अधिक युक्त होईल. मार्च १८७० मध्ये मुंबईहून येणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग आणि कलकत्त्याकडून येणारा ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग जबलपूर येथे जोडले गेले. मुंबई-कलकत्ता प्रवासातील हे मधले स्थानक झाल्याने संगमरवरी कडे पाहण्यासाठी येथे उतरणे प्रवाशांना शक्य झाले. पुढे चित्रपटांनी या स्थळाला घरोघरी पोहोचविले. राज कपूर यांच्या 'जिस देश में गंगा बहती है'मधील दृश्ये येथे चित्रित झाली; २००१ चा 'अशोका' आणि २०१६ चा 'मोहेंजो दारो' यांतही हे कडे दिसतात.

मराठी भाषकांचा या परिसराशी असलेला संबंध केवळ पर्यटनाचा नाही. १७८१ साली सागरच्या मराठी अंमलदारांनी येथील गोंड राज्य जिंकले. १७९८ मध्ये हा नर्मदाकाठ नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७-१८ च्या युद्धानंतर तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यानंतरही १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. नोकरीच्या बदल्या, शिक्षण, सोयरीक यांमुळे दोन्ही शहरांत येणे-जाणे राहिले. नर्मदा परिक्रमेची ओढ तर आजही मराठी भाविकांना आहे. 'नर्मदेचा गोटा' ही गुळगुळीतपणाची उपमा ज्या भाषेत रूढ आहे, त्या भाषेच्या वाचकाला नर्मदाकाठच्या दगडाची ओळख वेगळी करून देण्याची आवश्यकता नाही.

मऊ दगडाचे शास्त्र

भेडाघाटच्या दुकानांत संगमरवर म्हणून जे काही दिसते ते सारे एकाच जातीचे नसते. त्यात मुख्यतः दोन दगड असतात : संगमरवर आणि संगजिरे. ग्राहकाला दोन्ही पांढरट व गुळगुळीत दिसतात. कारागिराच्या दृष्टीने मात्र त्यांत मोठे अंतर आहे. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्स श्रेणीत संगजिऱ्याचे मुख्य खनिज, म्हणजे टाल्क, सर्वांत खालच्या १ या पायरीवर आहे. माणसाचे नख साधारण २.५, संगमरवरातील कॅल्साइट ३ आणि डोलोमाइट ३.५ ते ४ या पायरीवर येते. शुद्ध संगजिऱ्यावर नखाने ओरखडा उठतो. संगमरवरावर तो उठत नाही, त्याला पोलादी छिन्नी लागते.

संगजिरे हे मॅग्नेशियमचे जलयुक्त सिलिकेट होय. डोलोमाइटी खडकात सिलिकायुक्त उष्ण द्रव शिरले म्हणजे त्याचे संगजिऱ्यात रूपांतर होऊ शकते. त्यामुळे डोलोमाइटी संगमरवराच्या सान्निध्यात संगजिरे आढळणे हा निसर्गाचा योगायोग नसून रसायनाचा परिणाम आहे. घट्ट पोताच्या संगजिऱ्याला ठरावीक पापुद्रे नसतात. ते कोणत्याही दिशेने कापता येते आणि बारीक नक्षीतही सहसा फुटत नाही.

या गुणाची पारख भारतीय कारागिराला फार जुनी आहे. हडप्पा संस्कृतीच्या बहुतेक मुद्रा संगजिऱ्याच्या आहेत. मऊ दगडावर आधी कोरून नंतर मुद्रा भाजल्या जात. तीव्र उष्णतेने संगजिऱ्यातील पाण्याचा अंश निघून जातो व दगड कठीण होतो. बेलूर व हळेबीडच्या होयसळ मंदिरांवरील दागिन्यांइतके बारीक कोरीव काम शक्य झाले, तेही खाणीतून काढताना मऊ असलेल्या याच कुळातील दगडामुळे. बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूर येथील होयसळ मंदिरांना २०२३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. घरगुती वापरात दक्षिणेची कलचट्टी आणि कोकणातील आंबट पदार्थांसाठीची दगडी ही त्याच परंपरेतील भांडी होत.

मऊ माध्यमात कोरण्याची दुसरी एक कला येथे तुलनेला घेता येईल; ती म्हणजे कोरीव मेणबत्ती. मेणाचा गाभा निरनिराळ्या रंगांच्या वितळलेल्या मेणात पुनःपुन्हा बुडवून त्यावर थर चढवितात. मग मेण कोमट असतानाच पात्याने पट्ट्या कापून त्यांना पीळ देतात. कापलेल्या कडांमधून आतील रंग उलगडतात. मेण थंड झाले की त्याला चिरा जातात, म्हणून हे सारे काही मिनिटांतच उरकावे लागते. दगड कारागिराची वाट पाहतो, मेण पाहत नाही. दोहोंमध्ये साम्य आहे ते ग्राहकाच्या वागणुकीत. कोरीव मेणबत्ती विकत घेणारा ती सहसा पेटवीत नाही. पेटविली तर ज्यासाठी घेतली तेच नाहीसे होते. विजेच्या दिव्यांनी मेणबत्तीचे मूळ काम काढून घेतले, तेव्हा ती उजेडाची वस्तू न राहता आठवणीची वस्तू झाली. महाराष्ट्रात महाबळेश्वरला भावेश भाटिया यांनी १९९० च्या दशकात सुरू केलेल्या 'सनराइज कँडल्स' या उद्योगात दृष्टिहीन कारागीर शोभेच्या मेणबत्त्या घडवितात. हातकाम आणि पर्यटनस्थळ यांची सांगड रोजगार कशी देऊ शकते, याचे ते जवळचे उदाहरण होय.

आता दगडाकडे परत येऊ. काम सुरू होते ते निवडीपासून. दगडावर हातोडीने हलके ठोकून त्याचा आवाज ऐकतात. खणखणीत आवाज आला तर दगड एकसंध, बद्द आवाज आला तर आत भेग आहे असे समजतात. ही परीक्षा कोणत्याही पुस्तकातून येत नाही. त्यानंतर करवतीने ठोकळा कापणे, खडू किंवा पेन्सिलीने आकृती काढणे आणि छिन्नीने नको असलेला भाग उतरविणे असा क्रम असतो. गोल वस्तूंसाठी लेथचा वापर होतो. तपशिलाचे काम मात्र बारीक छिन्न्या, टोकदार सळ्या आणि कानस यांनी करतात. हत्तीच्या पोटात दुसरा हत्ती दाखविणारी जाळी हा या कामातील अवघड भाग आहे. बाहेरच्या जाळीच्या छिद्रांतून हत्यार आत घालून आतील आकृती कोरावी लागते, आणि जाळीची एक काडी तुटली तरी दिवसाचे श्रम वाया जातात. अशा जाळीकामासाठी वाराणसीच्या मऊ दगडातील कारागिरीलाही स्वतंत्र मानांकन आहे.

शेवटी घासणे येते. जाड पॉलिशकागदापासून बारीक कागदापर्यंत टप्प्याटप्प्याने व बहुधा पाणी वापरून पृष्ठभाग घासतात. मऊ दगडाला चमक आणण्यासाठी अखेरीस मेणाचा हात देण्याची पद्धत आहे. पाहणाऱ्याला कोरीव काम म्हणजे कौशल्य आणि घासणे म्हणजे हमाली वाटते. वास्तविक वस्तूवर खर्च होणाऱ्या वेळाचा मोठा वाटा घासण्यात जातो आणि मोबदला ठरविताना तोच सर्वांत कमी मोजला जातो. अनेक हस्तव्यवसायांत तयारीची व शेवटची कामे घरातील स्त्रियांकडे असतात. अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळातील गणनेनुसार देशातील ६८.८६ लाख हस्तकारागिरांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. त्यांचे नाव वस्तूवर नसते आणि पुष्कळदा हिशेबातही नसते.

आठवणीची किंमत

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात वस्तूची मागणी तिच्या उपयोगितेवरून समजावून दिली जाते. स्मरणवस्तूच्या बाबतीत ही उपयोगिता मनात असते आणि ती काळाबरोबर वाढते. नवी असताना भेडाघाटची डबी ही अनेक डब्यांपैकी एक असते. तीस वर्षांनी ती आजीने आणलेली, सहलीत घेतलेली किंवा परिक्रमेहून आलेली असते. तिचे मोल वाढले खरे, पण त्या वाढीतील एक पैही कारागिराला मिळत नाही, कारण त्याचा व्यवहार धबधब्याच्या वाटेवरच पूर्ण झालेला असतो. शिवाय तो व्यवहार घासाघिशीचा असतो. प्रवासी घाईत असतो, शेजारच्या दुकानात तशीच वस्तू मांडलेली असते, आणि दोन दिवसांचे काम व दोन तासांचे काम यांतील फरक ओळखण्याचे साधन त्याच्याजवळ नसते.

मागणी ऋतूवरही अवलंबून आहे. पावसाळ्यात नर्मदेला पूर येतो आणि कड्यांमधील नौकाविहार बंद ठेवावा लागतो. शरद पौर्णिमेच्या सुमारास भेडाघाटला नर्मदा महोत्सव भरतो आणि तेथून हंगाम पुन्हा सुरू होतो. अशा हंगामी बाजारात कारागिराला मंदीच्या महिन्यांत माल तयार करून ठेवावा लागतो. म्हणजे दगड व मजुरी यांचा पैसा त्याला आधी गुंतवावा लागतो. ज्याच्याजवळ हे खेळते भांडवल नाही, तो व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि आपला माल त्यालाच, त्याच्याच भावाने देतो. हस्तव्यवसायातील दारिद्र्याची चर्चा बहुधा कलेच्या ऱ्हासाच्या भाषेत होते. तिची खरी जागा खेळत्या भांडवलाच्या प्रकरणात आहे.

याहून कठीण स्पर्धा साच्याची आहे. संगमरवराची भुकटी आणि राळ यांचे मिश्रण साच्यात ओतून बनविलेल्या मूर्ती आज सर्वच पर्यटनस्थळी मिळतात. रंगाने व घाटाने त्या दगडासारख्या दिसतात. जाणकार ग्राहक त्या ओळखू शकतो. खरा दगड हाताला थंड लागतो, कारण तो हाताची उष्णता लवकर ओढून घेतो; राळेची वस्तू तितकी थंड लागत नाही. साच्यातील मूर्तीच्या कडेला जोडाची पुसट रेष सापडते. दोन हातघडणीच्या वस्तू कधीही तंतोतंत सारख्या नसतात, साच्यातल्या असतात. तथापि, दर वेळी ग्राहकाने परीक्षक व्हावे ही अपेक्षा अवास्तव आहे. त्यासाठीच व्याख्या आणि कायदा यांची गरज पडते.

हस्तव्यवसाय कशाला म्हणावे?

लेथ चालविला म्हणजे वस्तू हातघडणीची राहत नाही काय? हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. त्यावर कर आणि सवलती अवलंबून असतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली केंद्रीय उत्पादन शुल्काच्या एका प्रकरणात याची कसोटी सांगितली. वस्तू प्राधान्याने हाताने घडलेली असावी. काही प्रमाणात यंत्र वापरले गेले तरी चालते. मात्र तिच्यावरील अलंकरण भरीव असावे, नावापुरते नसावे. या कसोटीने लेथवर गोलाई देऊन पुढे हाताने कोरलेला दिवा हस्तव्यवसायात बसतो. संगणकाच्या साह्याने यंत्राने संपूर्ण कोरलेली आणि नंतर केवळ पुसून घेतलेली मूर्ती बसणे कठीण आहे. ही सीमारेषा दर दशकात नव्या यंत्राबरोबर पुन्हा आखावी लागणार, हे उघड आहे.

कराच्या बाबतीत एक मौज दिसते. जुलै २०१८ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने दगड, संगमरवर व लाकूड यांच्या देवमूर्ती करमुक्त केल्या. त्यामुळे एकाच ठोकळ्यातून घडलेला गणपती करमुक्त आणि हत्ती करपात्र अशी स्थिती निर्माण झाली. सप्टेंबर २०२५ मधील दरबदलानंतर हस्तव्यवसायाच्या बहुतेक वस्तूंवरील १२ टक्क्यांचा दर ५ टक्क्यांवर आला आणि हे अंतर कमी झाले. अर्थात, मालाची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असलेल्या विक्रेत्याला सर्वसाधारणपणे नोंदणीच आवश्यक नसल्याने एकट्या कारागिराला या दरांचा प्रत्यक्ष स्पर्श कमी होतो. तो होतो त्याचा माल घेणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्याला.

नावाचे संरक्षण

भौगोलिक मानांकनाची कल्पना जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारातील कलम २२ ते २४ मधून येते. भारताने १९९९ मध्ये त्यासाठी कायदा केला. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला आणि नोंदणी कार्यालय चेन्नई येथे स्थापन झाले. दार्जिलिंग चहा ही भारतातील पहिली नोंदणी. नोंदणी दहा वर्षांची असते व पुनःपुन्हा नूतन करता येते. व्यापारचिन्हाची विक्री होऊ शकते. भौगोलिक मानांकन मात्र विकता वा हस्तांतरित करता येत नाही, कारण ते एका व्यक्तीचे नसून त्या प्रदेशातील उत्पादकांचे असते. परीक्षेच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

२०२३ मध्ये मध्य प्रदेशातील ज्या उत्पादनांना मानांकन मिळाले त्यांत भेडाघाटच्या पाषाणशिल्पाबरोबर दिंडोरीची गोंड चित्रकला, ग्वाल्हेरचे हातविणीचे गालिचे, उज्जैनचे बाटिक, रीव्याचा सुंदरजा आंबा आणि मुरैनाची गजक यांचा समावेश होता. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातील महोबा येथील गौरा पत्थर कारागिरीलाही मानांकन लाभले. बुंदेलखंडातील ही कला दगडाच्या मऊपणामुळे भेडाघाटची सख्खी शेजारीण शोभते. दोन्ही ठिकाणचे हत्ती शेजारी ठेवले तर सामान्य ग्राहकाला कोणता कुठला हे सांगता येणार नाही. मानांकनाचे काम नेमके येथे सुरू होते.

कायद्याच्या व्याख्येत एक तरतूद अशी आहे की, उत्पादित वस्तूंच्या बाबतीत निर्मिती, प्रक्रिया किंवा तयारी यांपैकी एखादे काम त्या प्रदेशात झाले तरी ती वस्तू पात्र ठरू शकते. म्हणजे दगड त्याच गावचा असणे प्रत्येक वेळी अनिवार्य नाही. काम तेथले असले पाहिजे. ही तरतूद भेडाघाटसारख्या ठिकाणी फार मोलाची आहे. ज्या कड्यांमुळे गावाचे नाव झाले ते कडे जपायचे आहेत, फोडायचे नाहीत. संगजिरे व डोलोमाइट ही खनिजे फेब्रुवारी २०१५ पासून गौण खनिजांत मोडतात आणि गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार १९५७ च्या खाण व खनिज कायद्याच्या कलम १५ नुसार राज्य शासनाकडे आहे. कड्यांना धक्का न लावता कारागिरापर्यंत चांगला दगड वाजवी भावात पोहोचविण्याची जबाबदारी म्हणूनच राज्याच्या धोरणावर येते. मानांकनाचे प्रमाणपत्र ती पार पाडू शकत नाही.

मानांकनाची दुसरी मर्यादा महाराष्ट्रातील उदाहरणाने स्पष्ट होईल. कोल्हापुरी चपलेचे मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात त्या घाटाच्या चपला सादर केल्या, तेव्हा मोठा गदारोळ झाला. मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. याचिकाकर्ते हे मानांकनाचे नोंदणीकृत धारक नाहीत, हा त्यातील प्रमुख मुद्दा होता. नाव कोणाच्या नावे नोंदले आहे आणि तो धारक किती जागरूक आहे, यावर संरक्षणाची धार ठरते.

कारागिराच्या बाजूने

स्वतंत्र भारतात हस्तव्यवसायांकडे योजनाबद्ध लक्ष पुरविण्याची सुरुवात १९५२ च्या अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळापासून झाली. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याचे नेतृत्व केले. आज हा विषय वस्त्रोद्योग मंत्रालयातील विकास आयुक्त (हस्तव्यवसाय) यांच्याकडे आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत मूर्तिकार, दगड कोरणारा आणि दगड फोडणारा यांचा समावेश आहे. २०२३-२४ ते २०२७-२८ या पाच वर्षांसाठी १३ हजार कोटी रुपयांची तरतूद, अवजारांसाठी १५ हजार रुपयांचे साह्य, प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये भत्ता आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज ही तिची ठळक अंगे होत. कर्जाचा पहिला टप्पा १८ महिन्यांत फेडावयाचा असतो. हंगामी व्यवसायात हे महिने कोणत्या महिन्यापासून मोजले जातात याला महत्त्व आहे : आषाढात घेतलेले कर्ज आणि कार्तिकात घेतलेले कर्ज कारागिराला सारखे नसते.

आरोग्याचा प्रश्न या चर्चेत मागे पडतो. दगड कोरडा घासला म्हणजे बारीक धूळ उडते व ती वर्षानुवर्षे फुप्फुसात साचते. टाल्कच्या धुळीनेही श्वसनाचे विकार होतात. दगडात गारेचा अंश असेल तर सिलिकोसिसचा धोका वाढतो. गुजरातमधील खंबात येथील अकीक कारागिरांमध्ये या रोगाने घेतलेले बळी सुविदित आहेत. पाणी वापरून घासणे, धूळ ओढून घेणारा पंखा आणि योग्य मुखपट्टी हे उपाय महागडे नाहीत. तथापि जेथे घर हीच कार्यशाळा असते, तेथे कारखान्याचे कायदे पोहोचत नाहीत आणि धूळ कारागिराइतकीच त्याच्या मुलांच्याही वाट्याला येते. अवजारांच्या साह्यातून छिन्नीबरोबर हा पंखाही मिळावा, अशी मागणी कोणी केली तर ती न्याय्यच म्हणावी लागेल.

पुढच्या पिढीने हे काम करावे की नाही, हा निर्णय तिचाच आहे. पालकांना शिकलेल्या मुलाने छिन्नी धरावी असे वाटत नसेल, तर त्यास कलेविषयीची अनास्था म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी मिळकतीचा हिशेब केलेला असतो. तो हिशेब बदलावयाचा असेल तर ग्राहकाला हातघडणीची वस्तू ओळखता आली पाहिजे आणि त्या ओळखीचा पैसा कारागिरापर्यंत आला पाहिजे. यासाठी कायद्यात एक साधन आहे, ज्याचा वापर देशात एकंदरीत कमी होतो. भौगोलिक मानांकनाच्या नोंदवहीचे दोन भाग असतात. पहिल्या भागात, म्हणजे भाग 'अ' मध्ये, मानांकन व त्याचा धारक यांची नोंद होते. भाग 'ब' मध्ये अधिकृत वापरकर्त्यांची, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादकांची. भाग 'ब' मध्ये नोंद झालेला कारागीर आपल्या वस्तूवर मानांकनाचे चिन्ह स्वतःच्या अधिकाराने लावू शकतो आणि त्याचा गैरवापर झाल्यास दादही मागू शकतो. ज्याचे नाव तेथे नाही, त्याच्यासाठी गावाला मिळालेले मानांकन ही वर्तमानपत्रातील बातमीच राहते. २०२० मधील नियमदुरुस्तीने या नोंदणीच्या अर्जाचे शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणले आहे. आता अडचण शुल्काची नसून अर्ज भरून देणाऱ्याची, कागदपत्रे जुळवून देणाऱ्याची आणि धुवांधारच्या वाटेवरील प्रत्येक कार्यशाळेत जाऊन हे समजावून सांगणाऱ्याची आहे.